लांब नाकाची मोटार आणि माझ्या आठ पाचरी

चारशे मैल बसून गेलं तरी अंगावरच्या कपड्यांची इस्त्री मोडू नये, अशा बेतानं बनवलेल्या एका परदेशी मोटारीची मी एका दुपारीत बैलगाडी केली. सामान फार लागलं नाही. बाभळीच्या आठ पाचरी, एक घण आणि माझी अक्कल.

पुढच्या दीड महिन्यात आमच्या भागातली जाणती माणसं त्या गाडीचं दुखणं शोधून थकली. मी प्रत्येकाला चहा दिला आणि पदर तोंडाशी धरून काळजीनं विचारलं, "काय झालं असंल हो हिला?" माझ्या नातवंडांची समजूत आहे की आजी जन्मली तीच शहाणी. त्यांना दुसऱ्या कोणी काही सांगायच्या आत मीच लिहून ठेवते.

गाडी आली ती मुतखड्यामुळं. आमच्या ह्यांना (नाव मी एरवी घेत नाही, भांडण झालं की घेते, वडिलांच्या नावासकट) मुतखड्याचा त्रास होता आणि इलाज हैदराबादच्या एका डॉक्टरांचा होता. इलाज करता करता डॉक्टर म्हातारे झाले, दोघांची दोस्ती झाली, आणि दवाखाना बंद केला त्या वर्षी डॉक्टरांनी आपली गाडी ह्यांच्या हवाली केली. हे तिला चालवत सेनगावला घेऊन आले तेव्हा अर्धं गाव दारात होतं. लांबच लांब नाक, दोनच दारं, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की कोंबडी खालून गेली तर वाकून जाईल. मागं बसायला जागा होती, पण ती डॉक्टरांच्या कुत्र्याच्या मापाची असावी. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव मगर ठेवलं.

"हिला ग्रँड टूरिंग म्हणतेत," हे प्रत्येकाला सांगायचे. "लांब पल्ल्याची गाडी हाय. सकाळी हैदराबादेत बसलो, दुपारी हिथं उतरलो. अंग दुखलं का? न्हाई. पाळणा हाय पाळणा."

आणि खरंच पाळणा होता. पण पाळणा बांधतात उंच, आणि ही होती बुटकी. आमच्या गावात ज्याला त्याला आपल्या दारापुढं गतिरोधक लागतो. सरकारनं नाही केला तर माणूस स्वतः मुरूम टाकून करतो. मोठ्या रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत असे सात होते आणि सातही ठिकाणी गाडीचं पोट घासायचं. करर्र आवाज झाला की हे डोळे मिटून "आई गं" म्हणायचे. मुतखड्याच्या कळा आल्या तेव्हा हा माणूस एकदाही आई गं म्हणाला नव्हता.

मला बघवेना. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. त्या वयात मला सगळं कळायचं, ही एक अडचण होती.

आता शेतकऱ्याच्या घरात काहीही ढिलं झालं, खाली बसलं, डुगडुगलं, तर त्यावर इलाज एकच. पाचर. कुऱ्हाडीचा दांडा हलतो, पाचर मारा. वखर सैल झालं, पाचर मारा. बाज करकरते, दार बसत नाही, फ्रिज डुलतो, पाचर. मी विचार केला, गाडी खाली बसते म्हणजे तिच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या. चाकाच्या आत बोट घालून बघितलं तर जाड लोखंडाचे वेढे, आणि दोन वेढ्यांच्या मधे चांगली बोट-दीड बोट फट. इतकी फट कुठल्याही चांगल्या घरात ठेवत नाहीत.

हे चार दिवसांसाठी परभणीला गेले, एसटीनं. गाडी घरी. मी गफूरभाईंना बोलावलं. गफूरभाई गल्लीतले सुतार, तीन पिढ्यांपासून बैलगाड्या बनवणारे. त्यांनी मगरीभोवती दोन चकरा मारल्या आणि दाढी खाजवली.

"भाभी, लकडी का काम बोलो. ये तो लोहा है."

"लोखंडात लाकूडच मारायचंय, भाई. गाडी चार बोटं वर उचला."

"मोटार का मेस्त्री बुलाओ ना."

"मेस्त्री काय करंल? सामान बदलंल. आपुन घरच्या घरी करू. ह्यांना सांगायचं न्हाई. आल्यावर खूश झाले पायजेत."

गफूरभाईंनी आणखी एकदा गाडीकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. गाडी जास्त समजूतदार वाटली असावी. पण शेजारधर्म मोठा. ट्रॅक्टरचा जॅक लावून त्यांनी एकेक चाक उचललं आणि एकेका स्प्रिंगेत दोन-दोन पाचरी बसवल्या. पाचर लोखंडावरून सटकायला लागली तेव्हा म्हणाले, "कपडा लपेटना पडता, भाभी. मजबूत होना. सूती नक्को."

मजबूत कपडा माझ्या कपाटात एकच होता. आमच्या वंदनाच्या लग्नात तिच्या सासूनं, म्हणजे वाशीमच्या आमच्या विहीणबाईंनी, मला आहेरात दिलेली साडी. पोपटी रंग, शेंदरी काठ, आणि कापड असं की पाण्यात टाकलं तर पाणी बाजूला सरकंल. ती नेसून मी एकदा आरशात बघितलं होतं आणि लगेच घडी घातली होती. विहीणबाई भेटतील तेव्हा विचारायच्या, "माही साडी नेसत नाई काऊन?" आणि मी म्हणायची, "जपून ठेवली हाय हो." तर त्या जपून ठेवलेल्या साडीच्या मी आठ चिंध्या केल्या आणि गफूरभाईंना दिल्या. उरलेली पोतेऱ्याला घेतली.

जाताना गफूरभाईंनी बैलगाडीवाल्याचं शेवटचं शहाणपण सांगितलं. "रोज पानी मारना, भाभी. लकडी फुगती, तो पकड पक्की रहती."

हे परभणीहून आले, गाडी काढली, आणि सातही गतिरोधकांवरून काही न घासता गेले आणि आले. चेहरा असा झाला होता जसा मुतखडा आपोआप पडला.

"ऐकलं का," हे मला म्हणाले, "एकबी ठिकाणी घासली न्हाई. गाडीनं गाव ओळखलं वाटतं."

मी गालात हसले. म्हटलं, आताच नको सांगायला. आठ दिवस सुख घेऊ द्या, मग सांगू की हे कोणाचं डोकं.

सुख दुसऱ्या दिवशी संपलं. आम्ही दोघं हिंगोलीला निघालो आणि गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात माझी जीभ माझ्याच दाताखाली आली. दुसऱ्या खड्ड्यात ह्यांचा चष्मा नाकावरून डॅशबोर्डवर. तिसऱ्यानंतर आम्ही बोलणं बंद केलं, कारण तोंड उघडं ठेवणं धोक्याचं होतं. बैलगाडीत निदान कडब्याची पेंडी असते खाली.

आणि इथं माझ्या अकलेची खरी कमाल. मला पाचरींची शंकाच आली नाही. पाचरीनं वस्तू घट्ट होते आणि घट्ट वस्तू चांगली, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायले होते. उलट मी रोज सकाळी कळशी घेऊन चारही चाकांच्या आत पाणी मारत होते, कुठं ढिलं पडू नये म्हणून. हे ओट्यावर दात घासत बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा. माझ्यापेक्षा हिचीच माया जास्त. रोज पाय धुते तिचे."

तोवर वंदनाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही आमच्याकडं विचारायची गोष्ट नाही. फक्त कोणत्या दिवशी आणायचं एवढंच ठरवायला आम्ही वाशीमला गेलो. ह्यांनी तिच्या लग्नातच मांडवात जाहीर केलं होतं की लेक पहिल्या खेपेला येईल ती ह्या गाडीतून, पाळण्यात बसून. विहीणबाई म्हणाल्या, "मंग दाखवा तं खरं तुमचा पाळणा."

त्या पुढं बसल्या. तोंडात सुपारी होती. हे त्यांना गावाबाहेर मैलभर नेऊन परत घेऊन आले. उतरल्या तेव्हा अंबाडा सुटून पाठीवर होता आणि सुपारी तोंडात नव्हती. गिळली होती, अख्खी. त्यांनी शांतपणे तांब्याभर पाणी पिलं, आणि म्हणाल्या, "माही सून ह्या गाडीत बसणार नाई."

"मग दुसरी गाडी करून आणतो," हे म्हणाले.

"भाऊ, तुमीच सांगता ना, ही जिल्ह्यातली सगळ्यात आरामाची गाडी हाये. हिचे हे हाल, तं बाकीच्या कशा असतीन? दोष रस्त्याचा हाये. रस्ता काई तुमी बदलू शकत नाई. दवाखाना माह्या घरासमोर हाये. बाळंतपण इथंच होऊ द्या."

ह्यात चूक काढायला जागाच नव्हती. (विहीणबाईंच्या बोलण्यात ती कधीच नसते. अजूनही.) हे हात जोडून म्हणाले, "पंधरा दिवस द्या. गाडीत बिघाड हाय, काढतो. मग तुमीच बसून बघा."

विहीणबाईंनी विचार केला. "बसते. वाशीमहून कनेरगाव नाक्यापर्यंत. मांडीवर दुधाचा पेला ठेवते, काठोकाठ. सांडला नाई तं न्या पोरीले."

"दूध काहून? पाणी ठेवा," मी म्हटलं.

"पाणी सुकते, विहीणबाई. मंग तुमीच म्हणान सांडलंच नाई."

निघताना वंदना मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिनं साडी जरा वर करून पाय दाखवले. दोन्ही पाय सुजून उशा झाले होते. "आई, मला इथं कोणी काही बोलत न्हाई गं. सगळे चांगले हायेत. पण दिवसभर सासरे समोर बसलेले असतेत. मला फक्त पाय पसरून बसायचंय. तू ने मला."

सगळ्या रस्त्यानं मी आदळत रडले आणि रडत आदळले.

मग निदानाचा सपाटा सुरू झाला. हे आधी पंक्चरवाल्याकडं गेले. तो म्हणाला हवा जास्त आहे, आणि निम्मी काढून टाकली. गाडी आदळायची ती आदळायचीच, वर आता आदळून झाल्यावर दारू पिल्यासारखी डुलायची. हवा परत भरली. मग मी सुचवलं की गादी कडक असेल. घरचा कापूस होता, मी जाड गाद्या भरून शिवल्या आणि दोन्ही सीटवर टाकल्या. त्यामुळं हे इतके वर आले की डोकं छताला टेकलं. आता प्रत्येक खड्ड्यात खालून एक आणि वरून एक, असा दोन्हीकडून प्रसाद. गाद्याही काढल्या. शेवटी ह्यांनी डॉक्टरांना हैदराबादला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पस्तीस वर्षांत असं कधी झालं नाही, गाडी तशीच असणार, तुमची पाठ दाखवून घ्या. गाडीचं दुखणं सापडेना म्हणून ह्यांनी स्वतःच्या पाठीचा एक्स-रे काढला. पाठ चांगली निघाली. हे हिरमुसले.

तेराव्या दिवशी हिंगोलीहून मेस्त्री घरी आला. मोठा अनुभवी माणूस. त्यानं काही उघडलं नाही, काही विचारलं नाही. फक्त दोन्ही हात गाडीच्या नाकावर ठेवले आणि सगळं वजन टाकून खाली दाबलं. गाडी हलली नाही. त्यानं मागं जाऊन दाबलं. नाही हलली.

"सायेब," तो म्हणाला, "स्प्रिंगचं काम काय? दबायचं अन् उठायचं. खड्डा तिनं गिळायचा, आपल्याला द्यायचा न्हाई. हिची दबतच न्हाई. आत काहीतरी अडकल्यावानी हाय."

माझ्या हातात त्याच्या चहाची बशी होती. बशीतला चहा मात्र चांगला हलला.

दीड महिना झाकलेलं माझं डोकं त्या क्षणी उघडलं. काय ठोकलं, काहून ठोकलं, आणि त्याला रोज पाणी घालून कोण पोसत होतं, सगळं एकदम दिसलं. मेस्त्री वाकून चाकाच्या आत बघायला लागला. पण रोजच्या पाण्यानं आमची काळी माती तिथं अशी थापून बसली होती की स्प्रिंगेच्या जागी वारूळ दिसत होतं.

"चिखल लई हाय," तो म्हणाला. "धुऊन परवा गॅरेजला आणा."

"परवाच तर वाशीमला जायचंय," हे म्हणाले. "धुते तर ही रोज. बाईमाणूस इतकी माया करत न्हाई गाडीवर."

आता तुम्हीच सांगा, ह्यावर खरं कसं बोलावं? माणूस गावभर आपली कीर्ती गात असताना मधेच त्याला कसं थांबवावं? मी ठरवलं, गुपचूप ठोकल्या तशा गुपचूप काढायच्या.

गफूरभाई बहिणीकडं वसमतला लग्नाला गेलेले. ट्रॅक्टरचा जॅक शेतात. दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवून आडवे झाले आणि मी पोतं अंथरून, हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. सत्तेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, जावयाची सासू, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. पाचरी फुगून दगड झालेल्या. मी ठोकायला लागले. ठण्. ठण्. ठण्.

आतून ह्यांचा आवाज आला. "काय कुटून राहिली गं?"

"तिखट."

मग, "तिखट कुटून राहिली तर शिंक काहून येईना?"

मी गाडीखाली पडल्या पडल्या तीन शिंका दिल्या. चौथी खरी आली, नाकात माती गेली होती.

तीन तासांत डाव्या अंगाच्या चार पाचरी निघाल्या. उजव्या अंगाच्या चार हलल्यासुद्धा नाहीत, आणि तेवढ्यात हे चहा मागत उठले. मी बाहेर आले आणि गाडीकडं बघितलं. ती डावीकडं वाकली होती. पान खाऊन पिंक टाकायला थांबल्यासारखी. मी मनाला समजावलं: विहीणबाई डावीकडं बसणार. पेला डावीकडं असणार. डावी बाजू मऊ झाली म्हणजे झालं. उजवीकडं काय, आपलेच हे.

वाशीमला पोचलो तेव्हा विहीणबाई हिरवं नऊवारी नेसून पेला घेऊन दारातच उभ्या होत्या. मागं वंदना. दाराच्या आड तिची पिशवी भरून ठेवलेली मला दिसली. सासूला दिसू नये म्हणून वर घोंगडी टाकली होती.

"गाडी वाकली काऊन?" विहीणबाईंनी विचारलं.

"तुमाला नमस्कार करून राहिली," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पुढं बसल्या, पेल्यात काठोकाठ दूध ओतून घेतलं. मी मागं, कुत्र्याच्या जागेवर, गुडघे हनुवटीला लावून. निघालो.

खड्डे डावीकडचे गाडी गिळायची, उजवीकडचे ह्यांना द्यायची. त्यामुळं विहीणबाई शांत बसलेल्या आणि शेजारी हे एकटेच उडत होते, असं ते दृश्य मागून दिसत होतं. पण गाडीच वाकलेली, त्यामुळं पेल्यातलं दूध डाव्या काठाला आलं. विहीणबाई हुशार, त्या स्वतः उजवीकडं झुकल्या. आणखी झुकल्या. त्यांचा खांदा ह्यांच्या खांद्याला लागायची वेळ आली. व्याही-विहिणीची मर्यादा असते, म्हणून हे तितकेच खिडकीकडं सरकले. मैलभरात ह्यांचं अर्धं डोकं खिडकीबाहेर होतं आणि विहीणबाई ह्यांच्या जागेवर होत्या. पण दूध पेल्यातच होतं. मी मागं बसून नवस बोलत होते.

नाक्यावर गतिरोधक आला. गावकऱ्यांनी केलेला नाही, पक्का सरकारी. डावं अंग अलगद चढलं आणि उजवं असं आदळलं की पेला जागेवर राहिला आणि दूध तेवढं उठलं. सगळं. ते विहीणबाईंच्या डोक्यावरून मागं आलं आणि माझ्या तोंडावर बसलं. देव असतो, ह्याची मला त्या दिवशी खात्री पटली. नवस मात्र फेडला नाही.

त्याच वेळी खालून खट् असा आवाज झाला आणि काहीतरी रस्त्यावर पडलं.

गाडी धाब्यापुढं थांबली. शेजारच्या पंक्चरच्या दुकानातला म्हातारा ते उचलून घेऊन आला. "सायेब, तुमच्या गाडीतून हे लाकूड पडलं."

"मोटारीत लाकूड कुठं असतंय?" हे म्हणाले.

म्हाताऱ्यानं वाकून चाकाच्या आत बघितलं. जॅक लावला, उजवं पुढचं चाक उचललं. चाक मोकळं लोंबलं, स्प्रिंग उघडली, आणि राहिलेली दुसरी पाचर हात न लावता आपोआप खाली पडली. मग मागचं चाक. दोन पाचरी, टपाटप. मी तीन तास हातोडी मारून जे झालं नाही ते त्यानं विडी न विझवता केलं. गाडीचं वजन अंगावर असताना पाचर सहजी निघत नाही, एवढं शेंबड्या पोराला कळतं.

"कोण्या गाढवानं ठोकल्या हो ह्या?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"असंल कोणी," मी म्हटलं. दूध अजून हनुवटीवरून गळत होतं.

त्यानं चारही पाचरी पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवल्या. चिखल सुटला. आधी पोपटी रंग आला. मग शेंदरी काठ. कापड इतकं मजबूत की एक धागा सुटला नव्हता.

धाब्याच्या खाटेवर त्यानं त्या ओळीनं मांडल्या. विहीणबाई पुढं झाल्या. एक पाचर उचलली, काठावरून बोट फिरवलं, उन्हात धरून बघितली. मग माझ्याकडं वळल्या.

"जपून ठेवली म्हणे."

ह्यांनी त्या वेळी माझं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, नाक्यावर, चारचौघांत. आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "अन् ते रोज पाणी घालणं?"

"लाकूड सुकू न्हाई म्हणून," मी म्हटलं.

हे खाटेवर बसले. पाचरींच्या शेजारीच.

मग मी सगळं सांगितलं. घासणारं पोट, गफूरभाई, साडी, तिखट, शिंका. सांगता सांगता रडायला आलं. "विहीणबाई, रस्ता चांगला हाय, गाडीबी चांगली हाय. खोट माझ्यात हाय. माझी शिक्षा पोरीला देऊ नका. तिला नुसतं पाय पसरून बसायचंय."

विहीणबाई वळल्या. धाब्यावर गेल्या, पेला पुढं केला, "दूध टाक. काठोकाठ," म्हणाल्या, आणि येऊन गाडीत बसल्या.

वाशीमपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही, पण ह्या वेळी उघडता आलं असतं. गाडी सरळ झाली होती. खड्डे येत होते, गाडी गिळत होती, आणि पुढं मगरीचं ते लांब नाक पाण्यावरच्या होडीसारखं हळूच वर व्हायचं, हळूच खाली. दीड महिन्यानं ह्यांचे खांदे कानांपासून खाली आले. पेल्यातल्या दुधावर धाब्यावरून आलेली साय होती. ती तशीच्या तशी राहिली.

दारात उतरून विहीणबाई भरला पेला घेऊन थेट वंदनाकडं गेल्या. "पी," म्हणाल्या. "अन् ते घोंगडीखालची पिशवी काढ. सकाळपासून पाहून राहिली मी."

वंदनाची ओटी भरली. हे गाडी पुसत बाहेर उभे होते, माझ्याशी बोलत नव्हते (पुढं आठ दिवस बोलले नाहीत, मग वंदनाच्या पायाची सूज उतरली आणि ह्यांचा राग). मी मान खाली घालून पोरीला गाडीत बसवत होते, तेवढ्यात विहीणबाई आतून पुन्हा आल्या. मला कुंकू लावलं आणि हातात दोन साड्या ठेवल्या. वरची कोरी, घडी न मोडलेली. खालची धुऊन धुऊन विरलेली. मला काही कळेना. मी एकदा साड्यांकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. त्यांनी माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या,

"वरची तुमाले, विहीणबाई. खालची गाडीले."